एफ आणि जे

आधी वायर काढली. मग ओरडले.
हा क्रम बरोबर होता असं आजही वाटतं.

ब्लॅककरंटचं सरबत, पाणी न घातलेलं,
अर्धा पेला, शुक्रवारी संध्याकाळी सातला,
डंडीमधल्या तिसऱ्या मजल्यावर,
एकशे अठ्ठ्याऐंशी बस ड्रायव्हरांच्या पगारावर.

"मी नाही," फर्गस म्हणाला.
खोलीत आम्ही दोघंच होतो.
त्याची आई, खालच्या मजल्यावरची आयला,
इस्पितळात रात्रपाळीला;
तो आणि त्याचा पेला माझ्या हवाली.

कीबोर्ड टॉवेलवर पालथा घातला,
ढेकर काढायला तान्ह्याला थोपटतात तसा थोपटला.
जांभळं काहीतरी आलं, थोडं, उशिरा.
कळ दाबली की आत जाई
आणि तिथेच कळ काढत बसे.

लोणी लावायची सुरी, टोकाला फडकं.
टक्. टक्. एकेक उचकटली.
फर्गस मोजत होता, चौदानंतर चुकत होता.
एक उडाली ती थेट रेडिएटरमागे:
एस्केप. नावाला जागली.

बाकीच्या पिठाच्या चाळणीत,
कोमट पाणी, भांड्यांचा साबण,
तांदळासारख्या दोन पाण्यांनी धुतल्या.
तिसरं पाणीही गुलाबीच निघालं.

मग खालचं सगळं उघड्यावर आलं.
ओटकेकचा भुगा. एक नख. एक तीळ,
तिळगुळाचा की पावावरचा, कोण सांगणार.
चिवड्यातला अख्खा पोहा
(तो फर्गस खाणार होता, हात धरला).
आणि बी आणि एनच्या मधून गेलेला
एक लांब केस. काळा.
म्हणजे जुना.

कापसाच्या काड्या, स्पिरिट.
खोलीला इंजेक्शनच्या आधीचा वास.
"दुखेल त्याला?"
"आता नाही."
चिकटपणा गेला म्हणावं
तर सुकल्यावर बोटाला परत लागतो.
साखरेला लाज नसते.

थंड वाऱ्यावर ड्रायर धरून हात आखडला.
नऊ वाजता डेपोला फोन करायला आत गेले,
पगार उद्या सकाळी, हो, अगदी नक्की;
बाहेर येऊन बघते तर
त्याने कळा बसवून टाकल्या होत्या.
ए, बी, सी, डी. ओळीने. जेपर्यंत वरची ओळ,
मग के, मग एल, झेड अगदी खाली.
जीभ अजून दातांत धरलेली.

"आधी सगळी मिसळली होती," तो म्हणाला,
"मी नीट केली."

समजावायला खाली बसले.
मूळची रचना तशी का, हे सांगायला तोंड उघडलं
आणि कळलं, मला माहीत नाही.
बावीस वर्षं टाइप करतेय.
कुणीतरी ठरवलं, आपण बोटं वळवली.

मग वायर लावली, खिडकीकडे पाहत
(टे नदीवरच्या पुलाचे दिवे, आणखी काही नाही)
पहिलं नाव टाइप केलं: मॅकअल्पाइन, चाळीस तास.
बरोबर उमटलं. दुसरंही.
बोटांना कुठे वाचता येतं?
खाली बघितलं की चुकायचे,
न बघता सरळ.

फक्त एक अडलं. एफ आणि जेवर
बारीक उंचवटे असतात, अंधारात घर सापडावं म्हणून.
ते वरच्या ओळीत गेले आणि माझी तर्जनी
चुकीच्या दारात किल्ली फिरवत राहिली.

तो सोफ्यावर झोपल्यावर, बाराच्या सुमारास,
ते दोन तेवढे खाली आणले.
त्यांच्या जागी एन आणि क्यू वर गेले.
बाकी सगळं त्याने लावलं तसंच.

जिथे एस असायची ती जागा अजून धरून ठेवते.
रॉस आडनावाचे दोघं ड्रायव्हर आहेत,
त्यांना सध्या तीन-तीन एस मिळतात.
पगार वेळेवर, त्यामुळे तक्रार नाही.

मंगळवारी फर्गस आला, हातात पाण्याची बाटली,
झाकण घट्ट. कीबोर्डपाशी बराच वेळ उभा.
वरच्या ओळीवरून बोट फिरवत गेला, ईपाशी थांबला.

"कुणीतरी बिघडवलंय."

"मी नाही," मी म्हणाले.
खोलीत आम्ही दोघंच होतो.